दाजी नेमकं काय म्हणाले

"तुमच्या शब्दांत नको. ते जसं म्हणाले, अगदी तसंच सांगा," वकीलबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले, जसं काही आता गाणं सुरू होणार आहे. तो सरसावून बसला, घसा खाकरला. वाक्य त्याला तोंडपाठ होतं. गेल्या दोन वर्षांत ते त्याने कुणाकुणाला ऐकवलं नव्हतं? बायकोच्या भावाला ऐकवलं होतं, लॅबच्या मालकाला, शेजारच्या निवृत्त मास्तरांना, प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्या मुलीला, आणि दाढी करताना आरशातल्या स्वतःला तर रोज. 'धंदा चालो न चालो, तुझी पै न् पै मी परत करीन.' त्याने तोंड उघडलं, 'धंदा' म्हटलं, 'चालो न चालो' म्हटलं, आणि तिथेच अडकला. दाजींचा आवाज येईना. दाजींचा आवाज जाडसर, जरा घोगरा. वाक्य संपत आलं की त्यात हसू मिसळायचं आणि शेवटचा शब्द अर्धा गिळला जायचा. हे वाक्य मात्र त्याच्या डोक्यात वाजत होतं ते एका पातळ, स्वच्छ आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं करून, कुठेही न हसता. हा आवाज तो ओळखत होता. औषधांच्या दुकानातल्या काउंटरमागून दिवसभर लोकांना 'जेवणाआधी एक, जेवणानंतर एक' असं समजावून सांगणारा हा आवाज त्याच्या बायकोचा होता.

वकीलबाईंनी एक डोळा उघडला. "काय झालं?"

"काही नाही. पाणी मिळेल का जरा?"

पाणी आलं. त्याने ते एका दमात संपवलं आणि रिकामा ग्लास हातातच धरून बसला. वकीलबाई सरळ बसल्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तुम्ही शपथेवर उभे राहणार. समोरचा वकील हाच प्रश्न विचारणार, फक्त माझ्याइतका प्रेमाने नाही. तुमच्याकडे लिहून घेतलेलं काही नाही. करार नाही, पावती नाही. नात्यात कोण मागतं म्हणा. आपल्या केसला पाय दोनच. एक, हॉटेलचं काम मिळालंय असं ते तुम्हाला खोटं सांगत होते. आणि दुसरा, हे वाक्य. दुसरा पाय लटपटला तर एका पायावर मी तुम्हाला कुठवर नाचवणार?" तो कसंनुसं हसला. उद्या येतो म्हणाला, डोकं दुखतंय म्हणाला, आणि फाइल तिथेच विसरून जिना उतरला.

रस्त्यावर स्वच्छ ऊन होतं. लोक आपापल्या कामाला लागलेले. त्याने लॅबच्या मालकाला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. लॅबमधल्या त्याच्या टेबलावर एका म्हाताऱ्या बाईची कवळी अर्धवट पडली होती, मेणात दात बसवून झाले होते, आता फक्त साचा ओतायचा. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता: अनोळखी माणसांचे जबडे प्लास्टरमध्ये त्याच्यापुढे येत आणि तो त्यांना दात लावून द्यायचा. माणसं त्याला कधी दिसत नसत. त्यांची तोंडं तेवढी ठाऊक. मालक गमतीने म्हणायचा, "अर्धं गाव तुझ्या दातांनी जेवतं आणि कुणाला तुझा पत्ता नाही." त्याला हे बरंच वाटायचं. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याचे शब्द नेहमी जरा मागून येत. समोरचा निघून गेल्यावर त्याला काय म्हणायला हवं होतं ते सुचे. म्हणूनच हे एक वाक्य त्याच्याजवळ इतकं पक्कं, इतकं तयार होतं, याचा त्याला आधार होता. कुणी विचारलं की काढून दाखवायचं. आणि आज ते काढलं तर बायकोचं निघालं, आपल्या खिशात भलत्याच घराची किल्ली सापडावी तसं.

तो चालत राहिला. त्या दिवसाची आठवण काढायची तर ती पहिल्यापासून काढायला हवी, हे त्याला कळत होतं, पण गेल्या दोन वर्षांत ती तो नेहमी शेवटून काढत आला होता, वाक्यापासून मागे. आता त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. रविवार होता. बायकोची औषधांच्या दुकानात ड्यूटी होती, म्हणून तो एकटाच ताईकडे गेला होता. चौथा मजला, लिफ्ट कुरकुरणारी. दाजींनी दार उघडलं ते हातात मोजपट्टी घेऊनच. गॅलरीत दोन खुर्च्या मांडलेल्या. दाजींनी त्याला बसवलं आणि हवेतच लॉन्ड्री उभी केली: इथे धुण्याचे मोठे ड्रम, इथे इस्त्रीचे रूळ, इथून गाडी आत येणार, इथून बाहेर. दाजी मूळचे विमा विकणारे, निवृत्तीला आलेले. हवेत गोष्टी उभ्या करणं त्यांना चांगलं जमायचं. "छोट्या, मला सांग, जगात माणसं झोपायची थांबणार आहेत का? झोपतात तोवर चादरी मळणार. मळतात तोवर आपण आहोत." तो हसला होता. मग दाजी पुढे वाकले होते, आवाज खाली आणून म्हणाले होते, "नदीपलीकडचं ते मोठं हॉटेल आहे ना? त्याचं काम पक्कं झालंय. सगळ्या खोल्यांचं." हे त्याला ऐकू आलं. रस्त्याच्या मधोमध, सिग्नलला उभं असताना, दाजींच्या जाड आवाजात, शेवटचा शब्द गिळून, त्या गिळण्यातल्या हसण्यासकट ऐकू आलं. म्हणजे हे खरं होतं. म्हणजे दाजी खोटं बोलले, हे तरी खरं होतं.

सिग्नल सुटला. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाकावर बसला, कारण आता पुढे काय झालं ते चालता चालता आठवता येण्यासारखं नव्हतं. पुढे त्याने दाजींना विचारलं होतं. नक्की विचारलं होतं, कारण विचारताना त्याच्या हाताला घाम आला होता आणि तो त्याने गुडघ्यावर पुसला होता. लॉन्ड्रीत घालायचे पैसे त्याचे एकट्याचे नव्हते. सासऱ्यांचं शिवणयंत्रांचं दुकान विकलं तेव्हा बायकोच्या वाट्याला आलेली सगळी रक्कम त्यात होती, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली. "दाजी, आणि समजा जमलं नाही तर?" असं त्याने विचारलं होतं. आणि दाजी? दाजी गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघत होते. खाली कुणीतरी सायकल धूत होतं. दाजींनी मोजपट्टी ओढली, सोडली. ती सर्रकन आत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. त्याने आठवण ताणून धरली, कान देऊन ऐकलं. मोजपट्टीचा आवाज येत होता. पाण्याचा येत होता. दाजींचा येत नव्हता. वाक्य तिथे नव्हतंच.

मग ते कुठे होतं? ते घरी होतं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बायको पाव कापत होती आणि तो टेबलाशी बसून तिला ड्रम, रूळ, हॉटेल सगळं सांगत होता, दाजींसारखेच हात हवेत हलवत. तिने सुरी थांबवली होती. "आणि नाही चालला धंदा तर?" "तर काय, दाजी आहेत ना. परत देतील." "असं म्हणाले ते? धंदा चालो न चालो, तुझी पै न् पै मी परत करीन, असं म्हणाले?" आणि तो म्हणाला होता, "हो. म्हणजे, तसंच." त्याला आत्ता, बाकावर बसून, त्या 'तसंच'ची चव जिभेवर आली. किती छोटा शब्द. तिने तो घेतला, सुरी पुन्हा चालू झाली. मग लॉन्ड्री उघडली, हॉटेलच्या चादरी आल्याच नाहीत, वर्षभरात दाजींना यंत्रं मिळेल त्या भावाने विकावी लागली, ताईने फोन उचलणं बंद केलं, बायकोचं रडणं झालं, रडून झाल्यावर तिचं बोलणं झालं, आणि दर वेळी ते वाक्य थोडं अधिक घट्ट होत गेलं, गार झालेल्या मेणासारखं नव्हे, भट्टीतून निघालेल्या दातासारखं. तिने काही खोटं केलं नव्हतं. तिने एक प्रश्न विचारला होता आणि त्याने होकार दिला होता. आता त्या होकारावर दाजींचं राहतं घर जाऊ शकत होतं. आणि तो होकार मागे घेतला तर बायकोचे पैसे.

लॅबकडे जाणारी बस आली. तो चढला, खिडकीशी बसला. लॅबचा थांबा आला, तो उठला नाही. आपण कुठे चाललोय हे त्याला ठाऊक होतं, पण ते त्याने स्वतःला सांगितलं नाही. नुसतं लांबून बघून येऊ, एवढंच कबूल केलं. लॉन्ड्रीत तो उद्घाटनानंतर कधी गेला नव्हता. ती कुणा दुसऱ्याने घेतली आणि ताई-दाजी अजून तिथेच घुटमळत असतात, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं, आणि 'घुटमळत' हा शब्द ऐकून त्याला, खोटं कशाला बोला, थोडं बरं वाटलं होतं.

पाटीवर नवं नाव होतं. मागच्या बाजूचं लोखंडी दार वाफ बाहेर जावी म्हणून उघडं ठेवलेलं. साबणाचा आणि गरम कापडाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आत तीन-चार बायका लांबलचक टेबलांशी उभ्या होत्या, आणि त्यांतली एक ताई होती. केस वर बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, चष्मा वाफेने धुरकटलेला. साठीची ताई. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं खुर्चीत बसून काढलेली, पायाला गोळे येतात म्हणून एक मजलाही जिन्याने न चढणारी ताई. ती एक भली मोठी चादर एकटीनेच दुमडायचा प्रयत्न करत होती आणि चादर तिच्या हातून सुटून सुटून जात होती. तिने वर पाहिलं. चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. त्याला वाटलं, आता ती आत निघून जाईल. किंवा ओरडेल.

"छोट्या," ती म्हणाली, "तिथे काय उभा आहेस? ते टोक धर."

त्याने टोक धरलं. चादर अजून ऊबदार होती. दोघं मागे मागे सरकले, ताण आला, ताईने एक झटका दिला आणि कापड मधोमध फुगून खाली बसलं. लहानपणी आई कामावर गेली की दोघं असंच करायचे. तो मुद्दाम टोक सोडून द्यायचा आणि ती त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची. आता त्याने सोडलं नाही. ते एकमेकांकडे चालत आले, टोकाला टोक लावलं, तिने त्याच्या हातातून घडी घेतली. बोटांना बोटं लागली. तिची बोटं सुरकुतून पांढरी पडली होती.

"तुझं वजन वाढलंय," ताई म्हणाली.

"तुझं कमी झालंय."

"उभ्याने काम आहे. दुसरी घे."

दुसरी घेतली. तिसरी घेतली. चौथीला, चादर दोघांच्या मध्ये ताणलेली असताना, चेहरे पुरते दिसत नसताना, त्याने विचारलं. "ताई, त्या रविवारी दाजी नेमकं काय म्हणाले होते? मी विचारलं, जमलं नाही तर, तेव्हा. तू होतीस ना आत."

चादर तशीच राहिली. "काही म्हणाले नाहीत," तिचा आवाज पलीकडून आला. "गप्प बसले. मी आतून ऐकत होते ना. मला इतका राग आला त्या गप्प बसण्याचा, की हातातलं काम टाकून बाहेर आले. तोवर तू चपला घालत होतास. मग मीच म्हणाले."

"तू?"

"लिफ्टपाशी. तुझे पैसे बुडणार नाहीत रे, मी आहे ना. विसरलास होय?"

तो विसरला नव्हता. त्याने ते ऐकलंच नव्हतं, म्हणजे कानांनी ऐकलं होतं, पण पंख्याचा आवाज ऐकावा तसं. मी आहे ना. पहिलीत वर्गाच्या दारात तो हात सोडेना तेव्हा ती हे म्हणाली होती. दवाखान्यात सुई टोचताना म्हणाली होती, आईला नेलं त्या सकाळी म्हणाली होती, त्याच्या लग्नात त्याला घाम फुटला तेव्हा मागून हळूच म्हणाली होती. हे वाक्य जन्मापासून त्याच्या अवतीभवती होतं, म्हणून ते कुणी आपल्याला दिलेलं वचन आहे आणि त्याला एक बोलणारी आहे, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही. आता लिफ्टचं जाळीचं दार, त्याला टेकलेला ताईचा हात, ओल्या हाताचा जाळीवर उमटलेला डाग, सगळं आलं. आणि आवाजही आला. हा आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

"म्हणजे दावा लावायचा तर माझ्यावर लावायचास," ताई म्हणाली आणि चालत त्याच्याकडे आली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "त्यांच्यावर काय लावलास? ते बिचारे तोंडातून शब्द काढत नाहीत."

"मग फोन का नाही उचललास?"

"काय सांगणार होते? आधी वाटलं, थोडे तरी जमवते आणि मग येते. इथे रोजी मिळते, ती मी बँकेत वेगळी ठेवते. तुझ्या नावाने ठेवता येत नाही म्हणून माझ्याच नावाने. एकदा डोळ्यांत भरतील एवढे झाले की तुझ्या दारात येऊन उभी राहणार होते. तेवढ्यात तुझी नोटीस आली. आणि आमचा वकील म्हणाला, आता एक शब्द बोलायचा नाही, बोललात की कबूल केल्यासारखं होतं." तिने घडी टेबलावर आपटली. "कबूल करायला काय झालं होतं? मी तर करूनच बसले होते."

तेवढ्यात बाहेर गाडी लागली आणि दाजी ढकलगाडी घेऊन आत आले. मळक्या चादरींच्या ढिगामागून आधी त्यांचं टक्कलच दिसलं. नव्या मालकाने त्यांना गाडीवर ठेवलं होतं, आणणं-पोचवणं. त्याला बघून दाजी थबकले. मग ढकलगाडी भिंतीला लावली, ब्रेक दाबला, दाबला गेलाय ना ते बघितलं, पुन्हा दाबला. आता पळायला जागा नाही असं दोघांच्याही लक्षात आलं.

"बस," दाजी म्हणाले. बसायला तिथे काही नव्हतं.

"हॉटेलचं काय झालं होतं, दाजी?" त्याने विचारलं. आश्चर्य म्हणजे शब्द वेळेवर आले. "केससाठी नाही विचारत. मला माहीत हवंय."

दाजींनी तोंड पुसलं. "मॅनेजर म्हणाला होता, बघू. मी तुला सांगितलं, पक्कं झालं." ते थांबले. वाक्याच्या शेवटी आज हसू नव्हतं, शेवटचा शब्द पुरता बाहेर आला होता. "बघू आणि पक्कं यांत किती अंतर असतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. हिलाही पक्कंच सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही दोघांनी विश्वास ठेवलात की ते आपोआप पक्कं होईल. आयुष्यभर विमा विकला रे. लोकांनी मान डोलावली की मला खरं वाटायला लागतं."

"आणि मी विचारलं तेव्हा गप्प का बसलात?"

"तिथे खोटं बोलवेना," दाजी म्हणाले. "एकच पुरे झालं होतं."

त्याला राग यायला हवा होता. तो येण्याची त्याने वाट पाहिली. दोन वर्षं रोज येत होता, वेळेवर, दाढीच्या वेळी. पण जे आलं ते वेगळंच होतं, दुखरा दात निघून गेल्यावर जीभ तिथे जाते आणि तिला नुसती मऊ जागा सापडते तसं काहीसं. त्याच्यापुढे एक म्हातारा होत चाललेला माणूस उभा होता. त्याने फसवलं होतं, आणि तसं तोंडाने सांगितलं होतं. हे सांगणं ऐकण्यासाठी आपण दावा लावला होता की पैशांसाठी, हे त्याला त्या क्षणी नीटसं सांगता आलं नसतं.

बायकोला फोन केला तेव्हा ती दुकानातच होती. मागे कुणीतरी खोकत होतं. "कुठे आहेस? वकीलबाईंचा फोन आला होता, तू मध्येच उठून गेलास म्हणे." त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, पाव कापण्यापासून.

"म्हणजे ते वाक्य मी बनवलं, असं म्हणायचंय तुला?"

"तू विचारलंस. मी हो म्हटलं. चूक माझी."

"आणि माझे पैसे?"

"ताई देतेय. दाजी पण देतो म्हणाले. जसे जमतील तसे."

"मी येते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

ती आली ती पांढरा कोट अंगात तसाच घालून. ताईने पुढे होऊन तिचा हात धरायला पाहिलं, तो तिने धरू दिला नाही. दारातच उभी राहिली. "ताई, मला आता कुणाचा शब्द नको. शब्दांचा मला वीट आलाय. तुमचा भाऊ एक सांगतो, तुमचे हे एक सांगतात, आणि सगळ्यांचं ऐकून मी माझ्या वडिलांचं दुकान घालवलं. त्या दुकानात मी अभ्यास केलाय. यंत्रांच्या खडखडाटात." आजूबाजूच्या बायकांनी मान खाली घालून घड्या चालू ठेवल्या. "मला कोर्टाच्या शिक्क्याचं हवं. हॉटेलचं खोटं होतं, हे सगळ्यांसमोर हवं."

"मी सांगतो," दाजी म्हणाले. "आमचा वकील नको म्हणेल. तरी सांगतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की ती दमलीय. दिवसभर उभी होती म्हणून नव्हे, दोन वर्षं एक वाक्य तोलून धरलं होतं म्हणून. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ती तिने काढू दिली.

वकीलबाईंना कळवलं तेव्हा आधी त्या चिडल्या, मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "प्रतिज्ञापत्र दुरुस्त करून घेऊ. फसवणुकीचा आरोप मागे घ्यायचा असेल तर तडजोड लिहून सादर करू. अशी अशिलं भेटली की माझं घर कसं चालायचं?" पुढच्या आठवड्यात ते सगळे कोर्टाच्या एका लहानशा, कोंदट खोलीत उभे होते. न्यायाधीश चष्म्यावरून बघत होते. त्यांना पुढची बरीच प्रकरणं उरकायची होती. दाजींना विचारलं तेव्हा त्यांनी हॉटेलचं सांगितलं, कुठेही न सावरता. त्यालाही विचारलं. प्रतिवादींनी परतफेडीचं वचन दिलं होतं का? "नाही," तो म्हणाला. "ते गप्प बसले होते. वचन माझ्या बहिणीने दिलं." न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर केली. ताई मागच्या बाकावरून उठून उभी राहिली, कुणी न बोलावता. "हो, मीच," ती म्हणाली. दोघांच्या पगारातून दरमहा ठरलेला हप्ता, ताईने जमवलेले पैसे आजच. सह्या झाल्या. शिक्का बसला. बायकोने शिक्का वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.

ताई आणि दाजी लॉन्ड्रीची गाडी परत करायची म्हणून घाईने निघून गेले. निरोप धड झालाच नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. तो आणि बायको बसथांब्यावर उभे राहिले. ती मनात काहीतरी हिशेब करत होती, ओठ हलत होते.

"सगळे फिटायला सात-आठ वर्षं जातील," ती म्हणाली.

"हो."

"लेकीला पहिलं वर्ष कर्ज काढावं लागेल."

"मी ओव्हरटाइम घेतो. मालकाशी बोललोय."

"दाजी तोवर सत्तरीच्या पुढे जातील."

"जातील."

समोरून गाड्या जात होत्या. मग तिच्या कपाळावर आठी पडली, ही आठी त्याच्या ओळखीची होती, गिऱ्हाइकाने भलतंच औषध मागितलं की पडायची. तिने पर्समधून फोन काढला, नंबर शोधला. इतक्या दिवसांत खाली खाली गेलेला तो नंबर सापडायला वेळ लागला.

"ताई? मी बोलतेय. नाही, काही झालं नाही. मला सांगा, दाजींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या ना? कुठल्या? ... आणि घेतात का रोज? ... बंद केल्या? कुणी सांगितलं बंद करायला? ... महाग म्हणून बंद करतात का कुणी, ताई? ... नाही, ते काही नाही. संध्याकाळी दुकानात या, मी काढून ठेवते. आणि त्यांनाही घेऊन या, आधी मोजू. ओझी उचलतात ना ते दिवसभर? आणि जेवणात मीठ किती?"

पलीकडून ताई बरंच काही सांगत असावी, कारण बायको आता नुसती 'हं' म्हणत होती, मध्येच 'अय्या' म्हणाली, आणि मग, कशाला कोण जाणे, हसली. त्यांची बस आली, दार उघडलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने फोन कानाला तसाच धरून मोकळ्या हाताने ड्रायव्हरला खूण केली, तुम्ही व्हा पुढे.